रंगाखालची फियाट

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुनी मोटार विकत घेऊन ती घरच्या घरी दुरुस्त करणारा माणूस लोकांना एक तर पैसेवाला वाटतो, नाहीतर डोक्याने थोडा सरकलेला. पहिला समज चुकीचा आहे, एवढं खात्रीने सांगतो. दुसऱ्याबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत, तेव्हा तो विषय सोडू.

आज बोलायचं आहे ते मोटारीच्या रंगाबद्दल. रंग देण्याबद्दल थोडं आणि रंग काढण्याबद्दल जास्त. कारण जुन्या गाडीच्या कामात रंग काढताना जे कळतं आणि जे ठरवावं लागतं, ते पुन्हा कधी ठरवता येत नाही. एकदा पत्रा उघडा केला की आधीचं सगळं पुसलं जातं.

आमची गाडी म्हणजे १९६७ सालची फियाट अकराशे डी. पुण्यातल्या घराच्या बाजूला पत्र्याचं छप्पर टाकलेली एक जागा आहे, तिला आम्ही कौतुकाने गॅरेज म्हणतो. तिथे तीन हिवाळे हे काम चाललं. हिवाळेच का, ते पुढे सांगतो.

काही जण म्हणतील, फियाट ही काय व्हिंटेज गाडी झाली? व्हिंटेज म्हणजे महाराजांची रोल्स-रॉइस. इंग्लंडमधले कडक शौकीन तर १९३० सालापर्यंतच्या गाड्यांनाच हा शब्द लावतात. पण आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी करायची तर २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. या नियमांतले ‘मूळ रूप’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. वाचायला सोपं वाटतं. गंजलेल्या गाडीसमोर कात्री घेऊन उभं राहिलं की त्यातली अडचण कळते.

आणि फियाट ही आपल्या मुलखातली गाडी आहे, हेही विसरून चालणार नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली आणि १९५४ पासून अकराशे सीसीची गाडी इथे येऊ लागली. गोल पाठीची, फुगीर गालांची. तिला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असं नाव दिलं, आणि ते प्रेमाने दिलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. नंतर १९६४ च्या सुमारास चौकोनी बांध्याची अकराशे डी आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, पण सांगाडा जवळपास तोच राहिला. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या चाकांना पाटे. विसाव्या शतकाबरोबर तिचं उत्पादनही संपलं.

मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पिढ्यान् पिढ्या हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. आमच्यासारख्यांना हळवं व्हायला वेगळं कारण होतं. टॅक्सी चालू होत्या तोवर दारं, मडगार्ड, काचेचं रबर, दिव्यांच्या कड्या, सगळं कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे मिळायचं. पुण्यातही रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात फेरी मारली की काही ना काही हाती लागायचं. आता तो झरा आटत चालला आहे. आज तुम्ही फियाटचं एक बरं मडगार्ड कंटाळा आला म्हणून कापून फेकलंत, तर त्याच्या जागी दुसरं मिळेलच असं नाही. म्हणून ‘ठेवायचं की बदलायचं’ हा प्रश्न पूर्वीपेक्षा जड झाला आहे.

आता कामाकडे वळू.

आमची गाडी घरी आली तेव्हा दिसायला छान होती. क्रीम रंग, चकचकीत. ती बघायला मी एका जुन्या डेंटर मिस्त्रींना घेऊन गेलो होतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सींची डेंटिंग-पेंटिंग करण्यात घालवली. त्यांनी इंजिन सुरूसुद्धा करायला सांगितलं नाही. खिशातून एक लहानसं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. रुमाल अशासाठी की रंगाला चरा पडू नये. छपराला चुंबक चिकटलं. दाराच्या वरच्या भागाला चिकटलं. दाराच्या खाली आणि मागच्या चाकावरच्या कमानीला मात्र ते धरेचना, घसरून हातात यायला लागलं. मिस्त्री म्हणाले, “साहेब, इथे पत्रा नाही, लांबी आहे.”

लांबी म्हणजे पुट्टी. पूर्वी सुताराकडची असायची, आता पॉलिएस्टरची डब्यात मिळते. तिच्यात हार्डनर मिसळला की पाच-दहा मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. लांबी वाईट नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर जी बारीक उंचसखल जागा उरते ती भरायला ती हवीच. पण तिची जाडी पोस्टकार्डाएवढी असावी, भाकरीएवढी नाही. आमच्या गाडीच्या कमानीत कुठल्या तरी गॅरेजने गंजलेल्या भोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर अंगठाभर लांबी थापली होती. बोळा ओला होत होता, लांबी पाणी पीत होती आणि आतला पत्रा शांतपणे कुजत होता. वरून क्रीम रंग, चकचकीत.

असा प्रकार दिसला की माणूस भडकतो आणि सगळा रंग एका दिवसात उडवायला निघतो. बाजारात रंग काढायचं रसायन मिळतं, वाळू मारून देणारेही आहेत. मोटारीच्या पातळ पत्र्यावर जोराने वाळू मारली तर तो तापतो आणि लाटा आल्यासारखा वाकडा होतो. जाड चॅसीच्या भागांना वाळू ठीक आहे, बॉनेटला आणि छपराला नाही. रसायन चालतं, पण ते सांध्यांत शिरून बसतं आणि वर्षभराने नव्या रंगाला फोड आणतं. मिस्त्रींचा आग्रह हाताने पेपर मारण्याचा होता. वॉटर पेपर, बादलीभर पाणी, एक रबराचा ठोकळा. ओलं घासायचं आणखी एक महत्त्वाचं कारण आहे. जुन्या रंगांत शिसं असतं. कोरडं घासलं की ती धूळ नाकातोंडात जाते, अंगणात पसरते, घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला लागते. ओल्या घासण्यात तिचा चिखल होतो, तो गोळा करून टाकता येतो.

हाताने घासण्याचा दुसरा फायदा मला आधी ठाऊक नव्हता. एका जागी गोल गोल घासत राहिलं की रंगाचे थर एकेक करून उघडे पडतात आणि पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी वर्तुळं दिसतात. सगळ्यात बाहेर सर्वांत नवा रंग, मधोमध उघडा पत्रा. झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर वयाची वलयं दिसतात, तसं. मागच्या दारावर पहिलं वर्तुळ उघडलं तेव्हा क्रीमच्या खाली राखाडी प्रायमर, त्याखाली काळा, पुन्हा काळा, मग तांबडा ऑक्साईड, आणि तळाशी, पत्र्याला लागून, निळसर झाक असलेला करडा.

काळा बघून मला काही विशेष वाटलं नाही. मिस्त्री मात्र हातातलं काम टाकून उठले आणि छपराच्या कडेला, पाण्याच्या पन्हळीजवळ घासायला लागले. तिथे क्रीमखाली पिवळा निघाला. मग ते डाव्या बाजूला, बॉनेटच्या कडेला गेले. तिथला रंग काढल्यावर पितळी झाळ दिलेली दोन बुजवलेली भोकं दिसली. मिस्त्री म्हणाले, “हा मीटर.”

ज्यांनी जुनी मुंबई पाहिली आहे त्यांना आठवत असेल. टॅक्सीचा यांत्रिक मीटर तेव्हा गाडीच्या बाहेर, डाव्या बाजूला असायचा. गिऱ्हाईक बसलं की ड्रायव्हर हात बाहेर काढून त्याचा झेंडा पाडायचा. आमची गाडी, जी ‘एका डॉक्टरांनी जपून वापरलेली’ म्हणून आमच्याकडे आली होती, ती कधीकाळी काही वर्षं टॅक्सी होती. विकणाऱ्यांनाही ते ठाऊक नसावं. नोंदणीचं पुस्तक नक्कल प्रत होतं, त्यात रंगाच्या रकान्यात नुसतं ‘ग्रे’ होतं. बाकी सगळं त्या थरांत होतं. कारखान्यातून करडी निघाली, मग काळीपिवळी झाली आणि निवृत्त झाल्यावर क्रीम. काळ्याचे दोन थर म्हणजे टॅक्सी असतानाही ती निदान दोनदा रंगली.

आता सांगा, या गाडीचा ‘मूळ’ रंग कोणता?

घरी यावर बराच खल झाला. मुलाचं म्हणणं, काळीपिवळीच करू, कुणाकडे नाही अशी गाडी होईल. बायकोला क्रीम आवडत होता आणि तिचा मुद्दा साधा होता : आपल्याकडे आली तेव्हा ती क्रीम होती, आपल्या दृष्टीने तोच मूळ. मला स्वतःला काळ्यापिवळ्याचा मोह झाला, नाही म्हणत नाही. पण टॅक्सीच्या रंगाची खासगी गाडी रस्त्यावर आणायची, कोणी हात दाखवून थांबवलं तर त्याला काय सांगायचं? शिवाय गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो आणि तो बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. पुस्तकात ग्रे, पत्र्यावर ग्रे. शेवटी करडा ठरला. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, “रंग कुठलाही द्या, आधी खालचं बघू.”

खालचं म्हणजे गाडीचा तळ. इथे जरा तांत्रिक बोलावं लागेल. जीपला किंवा ट्रकला वेगळी चॅसी असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटला तशी वेगळी चॅसी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या दोन पोकळ पेट्या, दारांमधले खांब आणि छप्पर हे सगळं मिळून एक खोकं होतं आणि ते खोकंच सगळं वजन पेलतं. दाराखालची पेटी गंजली तर ती नुसती शोभेची गोष्ट राहत नाही, गाडीची कंबर जाते. आणि ती पेटी कापायला घेतली तर गाडी मधोमध खचते. चार-पाच मिलीमीटरच खचते, पण नवी पेटी त्याच खचलेल्या अवस्थेत जोडली की दारं जन्मभर लागत नाहीत. म्हणून कापण्याआधी दारांच्या फटी मोजून भिंतीवर लिहायच्या, दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप तात्पुरते वेल्ड करून टाकायचे, गाडी चार ठिकाणी सपाट टेकवायची आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. आमच्या भिंतीवर ते आकडे अजून आहेत. दिवाळीत भिंतीला रंग दिला तेव्हा तेवढा भाग सोडला.

कापायचं किती, यावर मिस्त्रींचं आणि माझं जमलं. जिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक आरपार जातं तिथून पुढे बोटभर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, त्यापलीकडे नाही. वीस गेजचा काळा पत्रा आणून हातोडी आणि डॉलीवर ठोकून तुकडा घडवायचा. डॉली म्हणजे मुठीत मावणारा घडीव लोखंडाचा ठोकळा. पत्र्याच्या एका बाजूला डॉली धरायची, दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. बघणाऱ्याला ही नुसती ठोकाठोकी वाटते. प्रत्यक्षात मिस्त्री डोळ्यांपेक्षा तळहाताने काम करतात. पातळ फडकं हातावर घेऊन पत्र्यावरून हात फिरवतात आणि जिथे डोळ्याला काही दिसत नाही तिथे खडूची खूण करतात. ठोकून ठोकून पत्रा ताणला जातो, मग तो फुगतो, दाबला की डबडब वाजतो. त्याला टॉर्चने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, हलके ठोकायचं आणि लगेच ओलं फडकं लावायचं. पत्रा आकसतो. हे मी दहा-बारा वेळा पाहिलं आणि दर वेळी मला जादूच वाटली. आजकालच्या गॅरेजात मडगार्ड चेपलं तर नवं आणून बसवतात आणि विम्याच्या हिशोबात ते बरोबरही आहे. त्यामुळे ठोकून घडवणाऱ्या हातांना कामच उरलेलं नाही. मिस्त्रींची दोन्ही मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत.

दारांबद्दल एक छोटी गोष्ट. प्रत्येक दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी खाली निघून जावं म्हणून ती ठेवलेली असतात. रंगवणारे लोक ती लांबीने किंवा रंगाने बुजवून टाकतात, दार गुळगुळीत दिसावं म्हणून. मग दार पाण्याने भरलेल्या पखालीसारखं होतं आणि आतून सडतं. तुमची गाडी नवी असली तरी पावसाळ्याआधी ही भोकं काडीने मोकळी करा. याला पैसे पडत नाहीत.

पत्रा उघडा झाला की घाई करावी लागते. पुण्यात हिवाळ्यात एक-दोन दिवस मिळतात. पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते. कोकणात किंवा मुंबईला समुद्राजवळ तर विचारूच नका. इथे पुष्कळ लोक फसतात, ते रेड ऑक्साईडवर विसंबून. तांबडा प्रायमर मारला, आता गाडी सुरक्षित, असं समजून पावसाळाभर तशीच ठेवतात. पण साधा प्रायमर पाणी अडवत नाही, तो ओल शोषतो. त्याच्यावर पक्का रंग चढल्याशिवाय त्याच्याखाली गंज सुरूच राहतो. आम्ही उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारला. तो महाग आहे, पण ओल बऱ्यापैकी रोखतो. त्यावर लांबी, पोस्टकार्डाएवढी. मग सरफेसर, मग घासणं. १८० नंबर, ३२०, मग ४००, ६००. या घासण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते दोन महिने चालतं, खांदे दुखतात, रेडिओ ऐकायला वेळ मिळतो.

आता प्रत्यक्ष रंग. जुने पेंटर अजूनही गाडीच्या रंगाला ‘ड्यूको’ म्हणतात. हे एका अमेरिकन रंगाचं नाव. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात चांगला रंग वाळायला कित्येक दिवस लागत. १९२३ साली ओकलंड नावाच्या गाडीवर ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा झटपट वाळणारा रंग आला आणि दिवसांचं काम तासांवर आलं. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग, आपल्याकडे दुकानात ‘एनसी’ म्हणून मागतात. आता बहुतेक गाड्या ‘पीयू’ने रंगवतात. पीयूला आपोआप चकाकी येते, तो टिकतो, पेट्रोल सांडलं तरी बिघडत नाही. मग घरच्या गॅरेजात पीयूच का मारू नये?

इथे जरा गंभीरपणे बोलतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारताना त्यांचे कण श्वासावाटे आत गेले तर दमा जडू शकतो. शरीर एकदा त्यांना बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो आणि ही संवेदनशीलता सहसा जन्मभर जात नाही. तोंडाला रुमाल, कापडी मास्क, धुळीचा मास्क यांचा काहीही उपयोग नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून बाहेर टाकणारं बंद बूथ, हे दोन्ही असेल तरच पीयू फवारावा. आपल्याकडे किती तरी पेंटर उघड्यावर, नाकाला फडकं बांधून हे काम करतात आणि चाळिशीनंतर रात्री उशाशी पंप घेऊन झोपतात. मिस्त्रींच्या बरोबरीचे दोघे असेच धंद्यातून बाहेर पडले. तेव्हा पीयूच हवा असेल तर प्रायमरपर्यंतचं काम घरी करा आणि गाडी बूथ असलेल्या ठिकाणी न्या. आम्ही एनसी निवडला. त्या काळच्या गाडीला तो शोभतो आणि त्यात आयसोसायनेट नाही. पण थिनरची वाफ त्यातही असतेच. त्यासाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो, जागा हवेशीर लागते, आणि ती वाफ पेट घेते. आमच्या गॅरेजच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्यामुळे फवारणीच्या तीन दिवशी घरात गॅस बंद, जेवण बाहेरून. या कामात सगळ्यांना आवडलेला भाग हाच.

हिवाळा का, ते आता सांगतो. एनसीचा थिनर फार वेगाने उडतो आणि उडताना पत्रा गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं, ते ओल्या रंगात अडकतं आणि रंगावर दुधाळ पांढरी छटा येते. म्हणून हे काम दिवाळी ते होळी एवढ्याच काळात. त्यातही सकाळचं दव उडून गेल्यावर आणि दुपारचा वारा सुटायच्या आत, म्हणजे साधारण साडेदहा ते बारा. जमिनीवर आधी हलका सडा मारायचा, धूळ बसावी म्हणून. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारी बाटली हवीच. मग गन पत्र्यापासून वीतभर दूर, समांतर. पट्ट्यावर पट्टा निम्मा चढवत. हात थांबला की ओघळ येतो, गन लांब गेली की रंग वाटेतच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. छप्पर आणि बॉनेट मिस्त्रींनी केलं. दारं मला करू दिली. एक डास ओल्या बॉनेटवर येऊन बसला, तेव्हा मी चिमटा आणायला धावलो. मिस्त्री म्हणाले, “राहू द्या. वाळला की पेपरने जाईल.” गेला.

रंगाचे सहा पातळ हात झाले. महिनाभर गाडी तशीच उभी ठेवली, कारण एनसी वरून वाळला तरी आतून आकसत राहतो. मग दीड हजार, दोन हजार नंबरचा पेपर आणि रबिंग कंपाउंड. पीयूसारखी आरशाची चकाकी तिला नाही. ती मऊ चमकते, पितळेचं भांडं चिंचेने घासल्यावर चमकतं तशी.

आणि ते काळ्यापिवळ्याचं काय केलं? डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हातभर जागा आम्ही रंगवली नाही. तिथे मिस्त्रींनी मुद्दाम एक मोठं वर्तुळ घासलं, पत्र्यापर्यंत, सगळे थर दिसतील असं, आणि वरून पारदर्शक लॅकरचा हात मारला. गाडी बघायला येणाऱ्यांत जे नुसते बॉनेट उघडायला सांगतात त्यांना आम्ही बॉनेट दाखवतो. डिकी कोणी स्वतःहून उघडली तर गप्पा लांबतात. मीटरची भोकं मात्र बुजवलेलीच ठेवली, तिथून पाणी आत गेलं असतं.

गाडी आता चालते. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले पडदे खातं आणि टाकीत ओल धरतं. म्हणून नळ्या बदलल्या आहेत आणि उभी ठेवायची असेल तर टाकीत फार दिवस पेट्रोल ठेवत नाही. ते पेट्रोल भरताना एनसीवर सांडलं तर रंग मऊ पडून डाग राहतो. टाकीच्या तोंडाखाली असा डाग आज ना उद्या पडणारच. त्यासाठी त्याच मिश्रणातला अर्धा लिटर करडा रंग एका काचेच्या बाटलीत भरून, घट्ट बूच लावून, वर तारीख आणि थिनरचं प्रमाण लिहून ठेवला आहे. पुन्हा मिसळायला गेलं तर तीच छटा येत नाही. बाटली गॅरेजातल्या वरच्या फळीवर, उन्हापासून लांब असते. मिस्त्री येतात तेव्हा आधी ती हलवून बघतात.